वेगवान सेडानचे ब्रेक: तुलना कशी करावी आणि बदल कुठून सुरू करावा

पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना शेवटच्या तीन-चार वळणांवर माझ्या सेडानचे ब्रेक पेडल नेहमीपेक्षा दोन बोटे खोल जाऊ लागले. गाडी थांबत होती, पण पायाखाली जो टणकपणा हवा तो उरला नव्हता. पेडल सोडून लगेच पुन्हा दाबले की ते थोडे वर येई आणि पुढच्या वळणावर परत खाली जाई. कडेला मोकळी जागा बघून मी गाडी उभी केली आणि बॉनेट उघडले, तर टाकीतले ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखे काळपट झालेले दिसले. पॅड जवळजवळ नवे होते, डिस्कही चांगल्या होत्या. ऑइल मात्र चार वर्षांत कोणी बदललेच नव्हते, आणि ते बदलले आहे की नाही हे मीही कधी विचारले नव्हते. त्याआधीचे दोन महिने मी सहा पिस्टनच्या कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, किमती काढत होतो. ते कॅलिपर त्या दिवशी गाडीला लावलेले असते तरी त्या जुन्या ऑइलने पेडल असेच खाली गेले असते.

म्हणून ब्रेक बदलण्याचा विचार मनात आला की बाजारातली किट पाहण्याआधी आपल्या गाडीच्या ब्रेकमधली कोणती कडी कमी पडते आहे, हे शोधून काढावे. पुढचे सगळे विवेचन त्याच एका गोष्टीभोवती आहे.

ब्रेकच्या वाट्याला काय काम येते

गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलायची आणि ती उष्णता हवेत सोडून द्यायची, एवढेच ब्रेकचे काम आहे. चालकासह 1,500 किलो वजनाची सेडान ताशी 100 किलोमीटर वेगाने जात असते तेव्हा तिच्यात सुमारे 580 किलोज्यूल ऊर्जा असते. वेग 120 केला तर हीच ऊर्जा 830 च्या पुढे जाते, म्हणजे वेग पाचव्या हिश्श्याने वाढला की ब्रेकवरचा भार 44 टक्क्यांनी वाढतो. गाडी थांबताना वजन पुढे झुकते, त्यामुळे ढोबळमानाने सत्तर टक्के काम पुढच्या दोन डिस्कना करावे लागते. पुढची एक डिस्क आठ किलोची धरली तर 100 वरून एकदा पूर्ण थांबताना तिचे तापमान साधारण 55 अंशांनी वाढते. एकदा थांबण्यासाठी हे काहीच नाही, आणि म्हणूनच शहरात कोणत्याही गाडीचे ब्रेक उत्तम वाटतात.

घाटाचा हिशेब वेगळा असतो. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत सुमारे 570 मीटरचा फरक आहे. तेवढे खाली येताना 1,500 किलोची गाडी जी ऊर्जा सोडते, ती 100 वरून पूर्ण थांबण्याच्या चौदा-पंधरा वेळांएवढी असते, आणि वेग कमी असल्यामुळे डिस्कवरून वाहणारी हवाही कमी असते. या ऊर्जेचा काही भाग टायर आणि हवेचा विरोध घेतात, मोठा भाग इंजिनाने घ्यायला हवा, आणि इंजिनाने घेतला नाही तर तो सगळा पॅडवर येतो. स्वयंचलित गिअरबॉक्स ‘डी’ मध्ये ठेवून उतरणारे चालक नकळत हेच करतात, कारण बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स इंधन वाचवण्यासाठी वरचा गिअर धरून ठेवतो आणि इंजिनाचा रोध जवळजवळ नाहीसा होतो. ‘एस’ किंवा मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर धरून उतरणे हा ब्रेकमधला पहिला बदल आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

रेसट्रॅकवर भार आणखी चढतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या ट्रॅकवर लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी 200 वरून 70 वर यायचे असेल, तर एका ब्रेकमध्येच दोन मेगाज्यूलहून जास्त ऊर्जा डिस्कमध्ये जाते, आणि डिस्क पुरेशी थंड होण्याआधी पुढचे वळण येते. घाटासाठी केलेली तयारी तिथे पुरत नाही आणि तिथली तयारी रोजच्या रस्त्यावर बऱ्याचदा गैरसोयीची ठरते. म्हणून आपली गाडी नेमकी कुठे चालते हे सुरुवातीलाच प्रामाणिकपणे ठरवावे.

पायाला काय कळते

पेडलच्या वागण्यावरून बिघाड बऱ्यापैकी ओळखता येतो, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

पेडल मऊ होऊन खोल जात असेल तर दोष ऑइलमध्ये किंवा त्यात शिरलेल्या हवेत असतो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट 4 दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरल्यावर तो 155 पर्यंत खाली आला तरी ते मानकात बसते. कॅलिपरमधले ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे तयार होतात, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचण्याऐवजी त्या बुडबुड्यांमध्येच संपतो. पसरणीच्या घाटात माझ्या गाडीचे हेच झाले होते. कोकणात किंवा गोव्यात गाडी राहत असेल तर दमट हवेमुळे हा धोका अधिक लवकर येतो.

पेडल पूर्ण टणक आहे, पाय जोराने दाबतो आहे, तरीही गाडी पुरेशी थांबत नाही आणि जळल्याचा उग्र वास येतो, तर पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेलेले असते. यावर ऑइल बदलून काहीही उपयोग होत नाही.

तिसरी अवस्था सर्वांत जास्त गैरसमजाची आहे. पेडल टणक आहे, ब्रेक जोरात लागतात, आणि एबीएस, म्हणजे चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा, लगेच खडखडू लागते. गाडी मात्र अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते. एबीएस चालू झाले याचा अर्थच असा की ब्रेकमध्ये लागतो त्याहून अधिक जोर आहे आणि टायर तो रस्त्यावर उतरवू शकत नाही. टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक 1.0 असेल तर ताशी 100 वरून थांबायला सुमारे 39 मीटर लागतात, 0.9 असेल तर सुमारे 44. हे पाच मीटर मोठी डिस्क कधीच परत देऊ शकत नाही; ते चांगले टायरच देतात. पावसात हा फरक आणखी वाढतो. पाच-सहा वर्षे जुने, कडक झालेले टायर ठेवून ब्रेक किटवर खर्च करणाऱ्या मित्रांना मी वारंवार हेच सांगत आलो आहे.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर ‘डिस्क वाकली’ असे गॅरेजमध्ये सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कच्या पृष्ठभागावर पॅडचा थर कमी-जास्त बसलेला असतो, किंवा हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागावर) गंज राहिल्याने डिस्क किंचित तिरकी बसलेली असते, किंवा चाकाचे बोल्ट एअर गनने वेडेवाकडे आवळलेले असतात. डिस्कच्या जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका फरक पडला तरी पायाला थरथर जाणवू शकते, म्हणून नवी डिस्क घेण्याआधी हब घासून स्वच्छ करावा आणि बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळावेत; फोक्सवॅगन समूहाच्या बऱ्याच सेडानना चाकाच्या बोल्टसाठी 120 न्यूटन मीटर टॉर्क सांगितलेला असतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर सरकत्या कॅलिपरच्या पिना जाम झाल्या आहेत का ते आधी पाहावे. कोकणातल्या लाल चिखलात वर्षानुवर्षे फिरलेल्या गाड्यांत हे फारच आढळते.

आकड्यांची तुलना

तुलना करताना लोक डिस्कचा व्यास आणि कॅलिपरच्या पिस्टनची संख्या एवढेच पाहतात. व्यासाला महत्त्व आहे, कारण पॅड जितके चाकाच्या मध्यापासून दूर, तितका तोच जोर जास्त परिणाम करतो. पण डिस्कची जाडी तितकीच महत्त्वाची आहे, कारण उष्णता साठवते ते लोखंड. फोक्सवॅगनच्या सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयला पुढे 312 मिलिमीटर व्यासाची आणि 25 मिलिमीटर जाडीची डिस्क होती, तर तिच्याच परफॉर्मन्स पॅकमध्ये 340 बाय 30. गोल्फ सेडान नाही हे खरे, पण स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस फोक्सवॅगन समूहाच्या त्याच एमक्यूबी सांगाड्यावर बांधलेली आहे, आणि भारतात 2017 मध्ये आलेल्या आरएस 230 व 2020 मध्ये केवळ 200 विकल्या गेलेल्या आरएस 245 च्या मालकांमध्ये या दोन मापांची चर्चा नेहमीच चालते. 312 वरून 340 वर गेल्याने जोराचा हात दहाएक टक्क्यांनी लांबतो, पण लोखंड साधारण एक-तृतीयांशाने वाढते. म्हणजे खरा लाभ उष्णतेच्या बाबतीत होतो, पहिल्या ब्रेकच्या अंतरात तो जाणवतही नाही.

बीएमडब्ल्यू एम340आय ला पुढे 348 बाय 36 ची डिस्क आणि चार पिस्टनचे स्थिर (दोन्ही बाजूंना पिस्टन असलेले) कॅलिपर आहेत. मागे 345 बाय 24. मित्सुबिशीच्या दहाव्या लान्सर इव्होल्यूशनला पुढे 350 बाय 32 आणि ब्रेम्बोचे चार पिस्टनचे कॅलिपर होते. व्यास पाहिला तर दोन्ही जवळपास सारख्या, पण बीएमडब्ल्यू जड आहे आणि तिची डिस्क चार मिलिमीटरने जाड आहे. गाडीच्या वजनाबरोबर जाडी कशी वाढवली जाते हे यातून दिसते. आणखी वर गेले की बीएमडब्ल्यूच्या एफ90 एम5 ला पुढे 395 मिलिमीटरच्या डिस्क आहेत, आणि तिच्यासाठी मिळणारे कार्बन सिरॅमिक ब्रेक सुमारे 23 किलो वजन वाचवतात. रोजच्या वापरासाठी सिरॅमिक ब्रेकचा विचार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांची बदलण्याची किंमत एका छोट्या गाडीएवढी जाऊ शकते आणि घाटात लोखंडी डिस्क पुरून उरते.

आता पिस्टनच्या संख्येकडे वळू, कारण सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. साध्या सरकत्या कॅलिपरमध्ये, ज्यात पिस्टन एकाच बाजूला असतो, 57 मिलिमीटरचा एक पिस्टन असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 2,550 चौरस मिलिमीटर होते. स्थिर कॅलिपरमध्ये प्रत्येक बाजूला 38 आणि 42 मिलिमीटरचे दोन पिस्टन असतील तर एका बाजूचे क्षेत्रफळ 2,520 च्या आसपास भरते. सरकत्या कॅलिपरची तुलना स्थिर कॅलिपरच्या एका बाजूशीच करायची असते, कारण सरकता कॅलिपर दुसऱ्या बाजूचे पॅड प्रतिक्रियेने ओढून घेतो. म्हणजे ‘एक’ आणि ‘चार’ यांत पकडीचा जोर जवळजवळ सारखाच निघतो. चार पिस्टनचा खरा फायदा असा की पॅडवर दाब सारखा पसरतो, पॅड तिरके झिजत नाही, कॅलिपरचा सांगाडा कमी वाकतो आणि पेडलची जाणीव नेमकी होते. हे सगळे मोलाचे आहे, पण ते थांबण्याच्या अंतरात शोधू नये.

उलट, पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ मूळापेक्षा खूप वाढले तर पेडल लांब होते, कारण पेडलमागच्या मास्टर सिलिंडरला तेवढे जास्त ऑइल ढकलावे लागते. आणि पुढचाच जोर वाढल्याने पुढचे-मागचे संतुलन बिघडून मागची चाके आपला वाटा उचलेनाशी होतात. किट विकणाऱ्याला पिस्टनचे व्यास विचारावेत. जो ते सांगू शकत नाही, त्याच्याकडून किट घेऊ नये.

पॅडची तुलना करायची असेल तर पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर छापलेली दोन अक्षरे शोधावीत. पहिले अक्षर साध्या तापमानाचा आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतला घर्षणांक दाखवते: ‘ई’ म्हणजे 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45, ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55. ‘एफ ई’ छापलेले पॅड गरम झाल्यावर सैल पडणार हे त्या दोन अक्षरांतच सांगितलेले असते. युरोपात बदली पॅडसाठी आर 90 हा नियम आहे आणि त्यानुसार पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आतबाहेर राहावी लागते. रस्त्यावरच्या गाडीसाठी ही खूण असलेले पॅड घेणे शहाणपणाचे. केवळ ट्रॅकसाठी बनवलेली पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, आणि सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना समोर एखादे मूल धावत आले तर त्या क्षणी पॅड थंडच असते.

बदलाचा क्रम

पहिला खर्च ऑइलवर करावा. ते दर दोन वर्षांनी बदलावे, आणि घाटात नियमित जाणाऱ्याने दर पावसाळ्यानंतर त्यातले पाणी तपासून घ्यावे. डॉट 5.1 चा कोरडा उत्कलनबिंदू किमान 260 आणि ओला 180 अंश असतो. ईएससी (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेल्या आधुनिक गाड्यांना पातळ ऑइल लागते, म्हणून ‘डॉट 4 क्लास 6’ लिहिलेले ऑइल मला अधिक योग्य वाटते. त्याचे आकडे 250 आणि 165 आहेत. रेसिंग ऑइलचा कोरडा आकडा 300 च्या पुढे असतो, पण ते वर्षातून एकदा तरी बदलावेच लागते. डॉट 5 मात्र सिलिकॉनचे असते आणि ते या इतर ऑइलमध्ये मिसळत नाही. नावातल्या 5 आणि 5.1 या आकड्यांनी कोणी फसू नये.

ऑइलनंतर टायर आणि पॅड, यांपैकी जे निदानात पुढे आले असेल ते. त्यानंतर स्टीलच्या जाळीने मढवलेल्या नळ्या घेता येतात. त्यांनी थांबण्याचे अंतर कमी होत नाही, पण जुन्या रबरी नळ्या फुगत असतील तर पेडल टणक होते. इतके केल्यावरही घाटात किंवा ट्रॅकवर डिस्क अति तापत असेल, तरच मोठ्या डिस्कचा विचार करावा, आणि तोही शक्यतो त्याच कंपनीच्या त्याच सांगाड्यावरच्या मोठ्या मॉडेलचे भाग घेऊन. ते भाग एबीएसच्या गणिताशी जुळण्याची शक्यता सर्वाधिक असते आणि पॅड पुढची दहा वर्षे मिळत राहतात.

छिद्रे पाडलेल्या डिस्क दिसायला देखण्या असतात, पण वारंवार तापल्यावर छिद्रांच्या कडांपासून तडे सुरू होतात. चिरा असलेल्या डिस्क पॅडचा पृष्ठभाग स्वच्छ ठेवतात आणि पॅड लवकर खातात. घाटासाठी साध्या, दोन्ही बाजूंमध्ये हवा खेळवणाऱ्या डिस्क मला सर्वांत पटतात.

मागे ड्रम असलेल्या सेडानविषयी एक वेगळा मुद्दा. फोक्सवॅगन व्हर्टस 2022 मध्ये भारतात आली तेव्हा तिच्या 150 पीएस च्या जीटी प्रकारालाही मागे ड्रम होते, आणि तेव्हापासून ‘मागे डिस्क बसवून द्या’ अशी मागणी गॅरेजवाल्यांकडे येते. दिसण्यापलीकडे या बदलातून मिळणारे थोडेच असते आणि धोका बराच असतो. मागची चाके जोरात ब्रेक लावताना एकतृतीयांशापेक्षा कमी काम करतात. डिस्क-ड्रमचे संतुलन, हँडब्रेकची केबल, ईएससीचे गणित हे सगळे कारखान्यात एकमेकांशी जुळवलेले असते, आणि त्यातला एक भाग बाहेरून बदलला की ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी लॉक होण्याची शक्यता निर्माण होते. हा बदल मी कोणालाही सुचवणार नाही. हेच पैसे पुढच्या पॅडवर आणि टायरवर लावावेत.

कॅलिपरवर बसवायची रंगीत प्लॅस्टिकची झाकणे, ज्यांवर मोठ्या कंपनीचे नाव लिहिलेले असते, ती तर काढूनच टाकावीत. ती हवा अडवतात. इटलीतल्या बेर्गामोजवळ 1961 मध्ये सुरू झालेल्या ब्रेम्बोचा कारखाना पुण्याजवळ चाकणलाही आहे, पण तिथे काम चालते ते दुचाकींच्या ब्रेकचे. त्यामुळे ‘चाकणचा माल, थेट कारखान्यातून’ असे सांगून कोणी गाडीचे कॅलिपर स्वस्तात देऊ लागला तर त्याच्याकडे बिल आणि भागाचा क्रमांक मागावा.

मोठी डिस्क चाकात बसते का

हे किट मागवण्याआधी घरीच तपासता येते. किट बनवणाऱ्याकडून कॅलिपरचा प्रत्यक्ष मापाचा नकाशा घ्यावा, तो छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवावा आणि कापावा. चाक काढून जमिनीवर पालथे ठेवावे, पुठ्ठ्याची हबकडची कड हबच्या बसणाऱ्या पृष्ठभागावर टेकवावी आणि चाकाच्या आत गोल फिरवावे. रिमची आतली भिंत आणि आऱ्यांची मागची बाजू या दोन्ही ठिकाणी पुठ्ठा कुठेही न घासता किमान तीन मिलिमीटर मोकळा राहायला हवा. 340 मिलिमीटरच्या डिस्कला 17 इंचाचे चाक लागतेच, पण प्रत्येक 17 इंची चाकात ती बसतेच असे नाही. आऱ्यांचा आकार निर्णायक ठरतो. वजन चिकटवून चाकाचे बॅलन्सिंग केलेले असेल तर ती वजने नेमकी कॅलिपरच्या रेषेत येत नाहीत ना, हेही याच वेळी पाहावे. एकदा एका ओळखीच्याच्या गाडीत असे वजन नव्या कॅलिपरला घासून रस्त्यातच निखळले आणि घरी पोहोचेपर्यंत चाक थरथरत राहिले.

आणखी एक प्रश्न किट विकणाऱ्याला अवश्य विचारावा: पिस्टनभोवती बाहेरचे धूळरोधक रबर आहे का? केवळ रेसिंगसाठी बनवलेल्या कॅलिपरना ते बऱ्याचदा नसते, कारण रेसनंतर ते उघडून साफ केले जातात. आपल्या रस्त्यांवरची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल असे कॅलिपर एका मोसमात खराब करतात.

बसवताना

गाडी सपाट जागी घ्यावी, मागच्या चाकांना अडथळे लावावेत आणि जॅकवर उचलल्यावर स्टँड लावल्याशिवाय चाकाखाली हात घालू नये. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर मागचे पॅड बदलण्याआधी तो निदानयंत्राने सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो; जबरदस्तीने पिस्टन मागे ढकलला तर मोटार खराब होते. कॅलिपर काढल्यावर तो नळीवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. 25 मिलिमीटरची डिस्क 22 वर आणि 30 ची 27 वर आली की ती बदलायची. नवी डिस्क बसवण्याआधी हब तारेच्या ब्रशने पितळेसारखा चमकेपर्यंत घासावा, डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे, सरकत्या पिना बाहेर काढून स्वच्छ कराव्यात आणि त्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे ग्रीस रबर फुगवते. पिस्टन मागे ढकलताना टाकीतले ऑइल वर येते, म्हणून थोडे ऑइल आधीच काढून ठेवावे आणि रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, कारण ब्रेक ऑइल गाडीचा रंग उतरवते. नळी काढली असेल तर जोडावरचे तांब्याचे वायसर नवेच घालावेत.

हवा काढण्याचा क्रम कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे ठेवावा. एक माणूस पेडलवर आणि दुसरा कॅलिपरवरच्या हवा काढायच्या नळाजवळ असेल तर पेडल दाबलेले असतानाच नळ बंद झाला पाहिजे, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील कधी फिरलेलेच नसते तिथला गंज सीलला कापू शकतो, म्हणून पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवावा. एबीएसच्या पंपात हवा शिरली असेल तर ती निदानयंत्राशिवाय निघत नाही.

नवे पॅड आणि डिस्क लगेच पूर्ण जोराने वापरू नयेत. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ताशी 60 वरून 20 पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा यावे, मधल्या वेळेत गाडी चालू ठेवून डिस्कला थोडी हवा मिळू द्यावी. मग 80 वरून 20 पर्यंत जरा जास्त जोराने पाच-सहा वेळा. या काळात ब्रेक दाबून गाडी पूर्ण उभी करू नये, कारण तापलेले पॅड एका जागी टेकून राहिले की तिथेच त्याचा जाड थर बसतो आणि पुढे तीच थरथर सुरू होते. शेवटी दहा-पंधरा मिनिटे ब्रेक न लावता संथ चालवून गाडी थंड करावी. डिस्कवर सर्वत्र सारखी, निळसर-राखाडी झाक आली की थर नीट बसला असे समजावे.

कॅलिपर किंवा डिस्कचे माप बदलणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवावे आणि उत्तर जपून ठेवावे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतल्या बदलांविषयीच आहे. नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. अपघातानंतर हा विषय निघाला तर आधीचे पत्र कामी येते.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकाचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत, नळ्यांचे जोड कोरडे आहेत का ते कापसाने पुसून पाहावे, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून नवी नळी टायरला घासत नाही ना याची खात्री करावी. माझ्या गाडीत ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर आता एक पांढरी चिकटपट्टी आहे. तिच्यावर ऑइल बदलल्याचा महिना, वर्ष आणि तेव्हाचे किलोमीटर लिहिलेले असतात, आणि बॉनेट उघडले की सर्वांत आधी नजर तिथेच जाते.